डाव्या पायाची बाजू

बियाण्यांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या.

"तेच रानफुलांचं बी द्या."

"गेल्या वर्षी भांडला होतात, आजी."

"भांडणारच. आमच्या ह्यांना अर्धांगवायू झालेला. म्हणायचे, थंडी सरू दे, मग बी पेरू, मग चालायला लागू. तुम्ही मात्र हटून बसलात, थंडीआधीच पेरा म्हणून."

"थंडी खाल्ल्याशिवाय हे बी रुजत नाही. आधीच पेरायचं, वर माती न लोटता पायांनी दाबायचं."

"ह्यांना म्हटलं, माझं वजन ते काय, तुम्हीच तुडवा. डॉक्टरांना दाद न देणारा माणूस काठी टेकत वाफ्यात उतरला."

"उगवलं?"

"उजवीकडे दाट, डावीकडे विरळ. ह्यांचा डावा पाय टेकतच नव्हता. उपकार झाले हो तुमचे."

"यंदा किती देऊ?"

"दुप्पट. आणि लवकर द्या, ते बाहेर उभे आहेत. काठी घरीच विसरलेत."