खुर्च्यांवरून निकाल सांगणारे पुंडलिकतात्या

तात्यांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. काकू, आबा, वामनभाऊ, आणि कारखान्याची पाळी सोडून आलेले तुम्ही सगळे.

मला बोलायची सवय नाही. चार माणसांसमोर उभा राहिलो की शब्द विसरतो. म्हणून लिहून आणलंय. तेही दोन-तीनदा फाडून पुन्हा लिहिलंय. तात्या असते तर हसले असते. मी त्यांच्याकडे कापडी फलक रंगवायचो, आणि एकेका अक्षरासाठी मागे सरून बघत बसायचो. ते म्हणायचे, "अरे, नवरदेव म्हातारा होईल, तोवर तरी तुझं 'शुभविवाह' पूर्ण होईल का?"

मंडळी, तात्यांचा धंदा मांडवाचा. खुर्च्या, सतरंज्या, माइक, भोंगे. आपण गावं सोडून पोटासाठी आलो, त्या या उधन्यात लग्न असो, बारसं असो, नाहीतर कोणत्याही पक्षाची सभा असो, मांडव तात्यांचा. पण त्यांचं नाव झालं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. विधानसभेची निवडणूक लागली की लोक त्यांच्या गोदामाशी थांबायचे. "तात्या, कोण येणार?" सत्तेतल्या पक्षाचे लोक सकाळी यायचे, विरोधातले दुपारी. चहा दोघांना तात्यांचाच. आणि उत्तरही दोघांना एकच. तोंड बघून तात्यांनी उत्तर बदललं, असं मी कधी पाहिलं नाही.

ते ओळखायचे कसे? तात्या भाषण ऐकायचेच नाहीत. सभा सुटली की मैदानात यायचे आणि खुर्च्या बघायचे. मला म्हणायचे, "ट्रकमध्ये भरून आणलेला माणूस उठतो आणि ट्रककडे पळतो. त्याची खुर्ची जागच्या जागी राहते. मनापासून आलेला माणूस लगेच जात नाही. खुर्ची मागे फिरवतो, शेजाऱ्याशी भांडतो. त्याची रांग मोडते. ज्याच्या सभेत रांगा मोडल्या, तो येतो."

एवढं साधं होतं. आणि ते खरं ठरायचं.

आता गेल्या निवडणुकीचं सांगतो. वामनभाऊ, तुम्ही समोर बसला आहात. तुम्हीच म्हणालात की हे सांग, म्हणून सांगतो.

वामनभाऊ आपल्यातले, लूम चालवणारे. अपक्ष उभे राहिले. इथेच सभा झाली. मैदान भरून लोक रस्त्यावर गेले. सभा सुटली, तरी कोणी हलेना. खुर्च्यांची एकही रांग शिल्लक राहिली नव्हती. आम्हा पोरांचं तर नाचायचंच बाकी होतं. आम्हाला तात्यांचाच नियम पाठ होता ना!

वामनभाऊंनी हसत विचारलं, "काय तात्या? येतो ना आपण?"

तात्या म्हणाले, "वामन, तू पडशील."

 मग कोणीतरी म्हणालं, "तात्या, भाडं मिळणार नाही असं वाटतंय का?" लोक हसले. तात्या हसले नाहीत. जवळच्याच एकाला त्यांनी विचारलं, "तुनं नाव कोठे शे?"

"शिंदखेड्याच्या मतदार यादीत."

दुसऱ्याला विचारलं, "तुनं?"

"पारोळा."

"आणि तुझं रे?"

"माझं जालन्याला, तात्या."

वामनभाऊंचा सख्खा भाऊ पत्रकं वाटून दमून खाली बसला होता. त्याला विचारलं. त्याचं नाव साक्रीला. मंडळी, तेव्हा आम्हाला कळलं. एवढी माणसं मनापासून आली होती, खुर्च्या फिरवून बोलत होती, आणि त्यांतल्या कितीकांचं मत इथे नव्हतंच. ते तापीच्या काठाने वर आणि त्याहूनही लांब, आपापल्या गावाच्या यादीत पडून होतं.

मग मागून एक आवाज आला. "तात्या, तुमचं नाव कुठे आहे?"

 तात्यांचंही नाव अमळनेरकडे, गावाला होतं. उभा जन्म इथे मांडव घालण्यात गेला होता, पण मत द्यायला ते भुसावळच्या गाडीने गावाला जायचे.

त्या निवडणुकीत तात्या म्हणाले होते, सरकार बदलेल. ते बदललं. म्हणाले होते, वामन पडेल. वामनभाऊ पडले. पण पडणार हे माहीत असूनही शेवटच्या दिवसापर्यंत भोंगा लावून त्यांच्याबरोबर फिरणारा माणूस कोण होता? वामनभाऊ, तुम्ही मान हलवताय. मी नाव घेत नाही.

निकालानंतर तात्यांनी पहिलं काम केलं ते स्वतःचं. गावच्या यादीतून नाव काढायला अर्ज दिला आणि इथे घालायला दिला.

आबा, तुम्ही त्यांचे थोरले भाऊ. तुमच्यासमोर हे वाचणं मला जड जातं. पण तुम्ही त्या वेळी इथे आला होतात, आणि मी गोदामात फलक रंगवत होतो. तुम्ही म्हणालात, "पुंडलिक, नाव कापलंस. गाव सोडलं, असं लोक म्हणतात. मी पंचायतीला उभा राहतो, तर माझ्या घरचं मत मला नाही?"

तात्यांनी हातातली दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "आबा, मत पाच वर्षांतून एकदा गावाला देतो, आणि पाणी रोज इथलं पितो. नळ मागायला गेलो की विचारतात, तुम्ही कुठले मतदार? मी काय सांगू?"

तुम्ही न जेवता गेलात, आबा. काकू दारात ताट घेऊन उभ्या होत्या. तात्यांनी त्या दिवशी गोदाम लवकर बंद केलं. हे मी तुम्हाला दुखवायला सांगत नाही. त्यांना ते सोपं गेलं नाही, एवढंच तुम्हाला कळावं.

त्यानंतर तात्या खोली-खोलीत फिरले. "तुनं नाव कोठे शे?" हाच एक प्रश्न. लोक घाबरायचे. गावच्या जमिनीतला हिस्सा जाईल का? भाऊबंद काय म्हणतील? आपले एक खोलीमालक शेठ तर राहण्याचा पुरावा म्हणून लागणारी भाडेपावतीच देईनात. त्यांना वाटायचं, यादीत नाव आलं की भाडेकरू खोलीवर हक्क सांगेल. तात्या रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. शेठ शेवटी कंटाळून म्हणाले, "पुंडलिकभाई, तमे जाओ ने हवे."

तात्या म्हणाले, "जातो. पावत्या द्या."

पावत्या मिळाल्या. माझं शिक्षण आठवीपर्यंत, पण अक्षर नीट, म्हणून अर्ज मी लिहायचो. माझ्याकडून फार उशीर होतो म्हणून लोक चिडायचे. तात्या त्यांना म्हणायचे, "थांबा. एवढी वर्षं थांबलात ना?"

आता पुन्हा निवडणूक आलीय. मतदान जवळ आलंय. आणि या वेळी आपल्या वस्तीतल्या बहुतेकांची नावं इथल्या यादीत आहेत. दोन्ही पक्षांचे लोक आपल्या गल्लीत येतायत. पूर्वी ते हमरस्त्यावरून हात हलवून जायचे.

तात्या आजारी पडले, तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. काय बोलावं, सुचेना. म्हणून नेहमीचंच विचारलं. "तात्या, या वेळी कोण येणार?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग हळूच म्हणाले, "यंदा माले नही सांगता येत."

मी घाबरलो. एवढी वर्षं उत्तर दिलेला माणूस. म्हटलं, तब्येत फारच बिघडली.

तर ते हसत होते. काकूंना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? या पोराने विचारलं, कोण येणार. मला सांगताच येईना. आता मत आपल्या लोकांच्या हातात. त्यांनी काय ठरवलंय, ते मला काय माहीत?" घरात एखादी चांगली बातमी यावी, तसं त्यांनी ते सांगितलं. काकू, तुम्ही म्हणालात, "मग गप्प पडा आता." आणि ते खरंच शांत झोपले.

यापुढे मला वाचता येणार नाही. तात्या, तुम्हाला आमचा सगळ्यांचा नमस्कार. आबा, तुम्ही पुढे या, काकूंच्या शेजारी उभे राहा. बाकीच्यांनीही उठावं. थोडा वेळ कोणी काही बोलू नये.