नजर वर, तोंड बंद

...आणि वर रोसाउरा मलाच विचारते, "क्लेवर, तुला तोंड नव्हतं का?" अहो, तोंड होतं, पण ड्रोन हवेत होतं ना! तुम्हाला सांगतो, माचालाच्या या केळीच्या बागांत जन्म गेला माझा, औषधाचे पंप पाठीवर वाहिले, कुणी म्हणालं नाही की बाबा, तोंड मिटून वाहा. आता फवारणी ड्रोन करतं, तर त्या एका ड्रोनला माणसं किती? उडवायला इंजिनिअर मारिट्साबाई, औषध भरायला एक, आणि नुसतं बघत राहायला मी! निरीक्षक! ड्रोन हवेत असेपर्यंत पापणी हलवायची नाही, आखलेल्या गोलात कुणाला शिरू द्यायचं नाही, आणि धोका दिसला तरच बोलायचं. मारिट्साबाई राजधानीच्या, त्यांचा एकच जप, "क्लेवर! नजर वर, तोंड बंद!"

आता आमच्याकडे कुणाची कोंबडी चोरलीत तर लोक वर्षभरात विसरतात, पण समोरून आलेल्या माणसाला 'ब्वेनोस दियास'चा नमस्कार केला नाहीत ना... संपलं! नातवंडांपर्यंत वैर!

आणि त्या दिवशी बांधावरून आलं कोण? दोन्या एन्मा! रोसाउराची आई! रविवारी जिच्या दारात मी मुलगी मागायला उभा राहणार, ती! "ब्वेनोस दियास, क्लेवर." मी? नजर वर, तोंड बंद. "ब्वेनोस दियास म्हटलं रे!" मी घामाघूम. "अग्गोबाई! साहेब झाले वाटतं! मेल्या, तुझ्या बाप्तिस्म्याचा भात मी शिजवला होता, आणि माझ्यासमोर आभाळ बघतोस?" असं म्हणत म्हणत बाई थेट गोलात! वरून ड्रोन येतंय... आता नियम काय सांगतो? धोका दिसला तर बोला! बोललो! बोट रोखून, बेंबीच्या देठापासून, "धोका! धोका! दोन्या एन्मा!"

अख्ख्या बागेनं ऐकलं हो! ड्रोन जागच्या जागी थांबलं, बाई वाचली, आणि मी मेलो. रविवारी कुठला जातोय तिच्या दारात!

बाईनं कंपनीचं ऑफिस डोक्यावर घेतलं. आता साहेबानं म्हणायचं ना, की बरं, नमस्कारापुरतं बोलू द्या त्याला! छे! नियम बदलतो होय? त्यांनी माणूस वाढवला! निरीक्षकाच्या वतीनं येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायला एक स्वतंत्र माणूस! पिवळं जाकीट, गळ्यात शिटी! अट काय, तर सगळ्या गावाला नावानिशी ओळखणारा पाहिजे, आवाज खणखणीत पाहिजे, आणि बोलून दमता कामा नये. मला सांगा, अशी व्यक्ती गावात कोण आहे?

...बरोब्बर!

तेव्हापासून दोन्या एन्मा माझ्या उजव्या हाताला उभी. सगळ्या गावाला "ब्वेनोस दियास", आणि मधल्या वेळात मी! माझे बूट, माझे केस, माझा बाप, रोसाउरासाठी बंदरावरून आलेलं एका वेल्डरचं स्थळ... सगळं ऐकतो. नजर वर, तोंड बंद.

काल मात्र तिचा आवाज एकदम मऊ झाला हो. "क्लेवर, झालं गेलं सोडलं मी. पोरगी तुझ्यासाठी अडून बसलीय. करायचंय ना लग्न? मग आत्ता, इथं, एकदा हो म्हण. नाहीतर संध्याकाळी वेल्डरला होकार कळवते."

एक शब्द! एवढासा एक शब्द!

पण काय करणार? ड्रोनमध्ये अजून अर्धी टाकी औषध होतं!