आफ्राची मान

भट्टी निवेपर्यंत चिनी मातीच्या कारखान्यातील रसायनज्ञाला काहीही काम नसते. त्या दुपारी मी उबेला बसलो होतो आणि फळ्यांच्या भिंतीपलीकडे मूर्तिकार लोरेन्त्स व त्याची पत्नी वाल्बुर्गा बोलत होती. मी अर्धवट झोपेत होतो. त्यामुळे शब्दन् शब्द अचूक असल्याची हमी देत नाही.

“अहो, मूर्ती अजून अख्खीच? साचेवाले खोळंबलेत तिकडे.”

“कापवत नाही गं. आफ्राच उभी आहे पुढ्यात.”

“आफ्रा नाटकवाल्यांबरोबर गेली. ही ओली माती आहे.”

“हात, कंबर, मान, सगळं तारेनं वेगळं केल्याशिवाय साचा निघत नाही. मग ही उरतच नाही.”

“नाही कापलीत तर वाळून तडकेल. मग काय उरेल?”

“चार दिवस घरात तरी राहील.”

“आणि साचा निघाला तर हिच्या प्रती गावोगावच्या सरदारांच्या मेजांवर शोभेला जातील. आपली पोर त्यांच्यापुढे नाचायला जाते. कुठंतरी स्वतःलाच पाहील.”

“पाहून काय करेल?”

“हसेल. म्हणेल, बाबांनी मान वाकडीच केली.”

“वाकडी नाही, कललेली आहे. पाळण्यात अशीच निजायची.”

“मला सांगताय? निजवत कोण होतं? द्या ती तार इकडे. खाटकाची लेक आहे मी.”

“मान शेवटी काप.”

“बरं. तुम्ही डोळे मिटा.”

“आणि तू?”

“मला बघावंच लागेल. सरळ कापायचंय ना?”