न घेतलेला डोनट

— अगं मार्लीन मावशी, खेकडे नंतर फोड, आधी ऐक ना! सगळे हो म्हणाले. एकजात सगळे! संध्याकाळी ट्रक येतोय, उपग्रह चालला फ्लोरिडाला. माझं पहिलंच यान!

— ऐकतेय रे कर्टिस. हात मोकळे असले की मला ऐकू येत नाही. घे, तूही हातोडी घे. बैठकीत विचारलंस काय?

— म्हटलं, मला तर सगळं झकास वाटतंय, कुणाची हरकत? कोणी हूं की चूं केलं नाही.

— साहेबालाच झकास वाटल्यावर कोण करेल? आणि माझे डोनट? निवृत्त होताना माझी खुर्ची तुला मिळाली, तेव्हा डोनटच्या रिवाजाशिवाय दुसरं काही दिलं नव्हतं तुला.

— ते कसे विसरेन? प्रत्येक बैठकीला नेतो. आत गेल्या गेल्या खोका उघडून मध्ये ठेवतो.

— आधीच?

— मग कधी?

— अरे सोन्या, आधी मनातली एक धास्ती सांगायची, मग डोनट उचलायचा. सगळ्यात धाकट्यानं पहिलं बोलायचं, मी शेवटी. तू तर पोरांची तोंडंच भरून टाकलीस. कोण बोलणार?

— मला वाटलं, तू लाडानं आणायचीस.

— लाडानंच आणायची. आज उरले किती?

— एकच. खोका गाडीतच आहे. रेनाटानं घेतला नाही. म्हटलं, डाएट असेल.

— रेनाटा? माझ्या हाताखाली दोन यानं केली तिनं. धास्ती सांगितल्याशिवाय खोक्याला हात लावायची नाही ती. लाव फोन.

— मावशी, ट्रक अडला तर मोठे साहेब मला सोलतील. उड्डाणाची तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल, देव जाणे.

— आणि वर गेल्यावर काही अडलं, तर शिडी लावून चढणारेस? लाव.

(तो फोन लावतो आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवतो.)

— रेनाटा, मी कर्टिस. हरकत-बिरकत नको सांगूस. आणखी एक दिवस हातात असता, तर काय तपासलं असतंस?

— …डावा पंख. सौरपट्ट्यांचा. हादऱ्यांच्या चाचणीनंतर उघडताना टक् असं वाजला. एकदाच. आकडे सगळे ठीक आहेत, म्हणून बोलले नाही. नुसत्या आवाजावर कोण ट्रक थांबवतं?

— …मी. मी थांबवतो. आत्ता सांगतो त्यांना. तू पंख उघडायला घे, मी पोचतोच.

— आणि मोठे साहेब?

— साहेबांना मी बघतो. तू फक्त तो टक् शोध. नाहीच सापडला, तरी चालेल.

— कर्टिस… मागून हा ठोकण्याचा आवाज कसला? मावशीकडे आहेस ना तू?

— हो. ती खेकडे फोडतेय.

— बरं. मग येताना तो उरलेला डोनट घेऊन ये.