आधी उदबत्ती, मग डिस्क

खांडबाऱ्याच्या फलाटावर त्याच गाडीची वाट पाहणाऱ्या लहरीबाईंशेजारी दानियल मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याची बायको आशा भावाच्या लग्नाचा आहेर सांभाळत होती. तो ज्यांचे संगणक सांभाळायचा, ते कापड दुकानाचे जेठमलशेठ फोनवर ओरडत होते.

"दानियल, मोठं मशीन चालू शे, पण काउंटरच्या कॉम्प्युटरवर त्याची एकबी फाईल दिसत नाही!"

"डिस्क लावली का शेठ?"

"पूजा झाल्यावर लावली. रात्री ती देवापुढे ऱ्हाते, सारा धंदा तिच्यात शे."

"उद्यापासून आधी डिस्क, नंतर बटण."

"बंद मशीनला उदबत्ती ओवाळू? बटण आधी!"

"म्हणूनच ते रिकाम्या हातांनी फाईली वाटायला बसतं."

"गाडी आली," आशा म्हणाली. "दुकानात परत गेलात, तर लग्नाला मी एकटी जाईन."

"थांब गं. शेठ, मशीन सुरू होतानाच्या सूचनांत इथूनच लिहितो, डिस्क येईपर्यंत वाटायचं नाही."

"आरती लांबली तरी?"

"तरी. आता बंद करून चालू करा."

"परत उदबत्ती लावू?"

"लावा शेठ, पण लवकर!"

मिनिटभराने शेठ फोनवर ओरडले, "दिसल्या भो, साऱ्या दिसल्या!"

"तुमचं मशीन थांबायला शिकलं," आशा डब्यातून ओरडली, "गाडी नाही शिकली!"

गाडी हलली, तसा दानियल धावला. डब्यात चढलेल्या लहरीबाईंनी दारातून आधी लॅपटॉप आत घेतला, मग दानियलला.