‘मिळेल’ की ‘मिळू शकेल’?

कॅनडातल्या विनिपेगमध्ये, कडाक्याच्या थंडीत, बसच्या रांगेत माझ्यापुढे प्राध्यापक संघटनेचे बिल्ले लावलेल्या दोघीजणी उभ्या होत्या.

“डोरीन, आज अकरावी बैठक ना गं? झाला का करार?”

“कसला करार! एका शब्दावर अडलंय. कंत्राटी शिक्षकांना आजारपणाची रजा ‘मिळेल’ असं लिहा म्हणतो आम्ही. विद्यापीठवाले म्हणतात, ‘मिळू शकेल’.”

“एवढ्यावरून?”

“एवढ्यावरून? जुन्या करारात ‘मिळू शकेल’च होतं. म्हणून तर आपली कंत्राटावरची मार्नी केमोथेरपी घेऊन वर्गात यायची, टेबलाखाली बादली ठेवून शिकवायची.”

“हे सांगितलंस त्यांना?”

“तीच सांगायला आली होती आज. त्यांचा वकील म्हणाला, ‘ऐकून फार वाईट वाटलं.’ आणि परत ‘मिळू शकेल’!”

“कमाल आहे! पण संप नको, मुलांच्या परीक्षा आल्यात, असं तूच म्हणत होतीस.”

“म्हणत होते. सगळ्यांनी संपाला मत दिलं, तरी मीच थोपवून धरलं होतं.”

“मग आता?”

“मार्नीनं कोट चढवला. मग मीही माझे कागद आवरले. सोमवारी सकाळी सातला मुख्य फाटकाशी ये. आणि हे बघ, मोजे जाड घाल.”