कांजीचा बुधला

भाभी नका म्हणू. वैभवी म्हणा. भाभी म्हटलं की समोरचा काहीतरी मागणार असतो — आणि तुम्ही तर मागायलाही आला नव्हतात, केतन, किल्ली लावून सरळ आत आलात. दचकलात ना? मी पण. निहारनं सांगितलं असेल, अकरा वाजता ती ऑफिसात असते, जा आणि घरी बिअर बनवायचं सामान घेऊन ये. बिल्कुल बरोबर सांगितलं. फक्त आज धुरानं हवा खराब म्हणून ऑफिसनं सगळ्यांना घरी बसवलंय, हे नवऱ्याला सांगायचं राहिलं. सांगणार कधी — सकाळी तो फोनमध्ये, मी डब्यात.

बसा. ती यादी ठेवा खिशात, मीच सांगते कशाचं काय झालं ते. पंचवीस लिटरचं पातेलं — त्यात मी मंडळाच्या गणपतीला मोदक उकडले, एकशे एक. तळाला तोटी लावलेली बादली बाल्कनीत आहे, सकाळचं पाणी भरायला. लांब नळीनं उन्हाळाभर कूलर रिकामा केला. थर्मामीटर दुधात जातं, इथल्या थंडीत विरजण लागत नाही म्हणून. बाटल्यांत कोकम. आणि काचेचा बुधला — हो, तोच गुडगुडतोय आत, चादरीत गुंडाळलेला — त्यात कांजी आहे. काळ्या गाजरांचं आंबवलेलं पाणी. शेजारच्या आंटींनी शिकवली.

हौस? हौस कसली. लग्नाला पंधरा दिवस नाही झाले तर सासूबाई राहायला आल्या. निहारचा ऑफिसातून मेसेज — आईला बिअरचं काही कळू देऊ नको, तू बघून घे. मी बघून घेतलं. त्यांनी विचारलं, एवढ्या बाटल्या कशाला गं? म्हटलं, कोकम भरायला. मग आणावं लागलं कोकम. एवढं पातेलं? मोदकांना. मग शिकावे लागले मोदक — पहिले वीस फुटले. एकेक खोटं खरं करत बसले मी, आणि सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात, सून फार कामाची मिळाली. निहार म्हणाला, आता हे सामान तुझंच, मी सोडलं ते सगळं. मी खरं मानलं. नवीन होते.

कुठली बॅच? शनिवारची? कुठे — तुमच्याकडे, फरीदाबादला. अच्छा. त्याचा क्लायंटही फरीदाबादलाच असतो, दर शनिवारी, सकाळी दहा ते रात्री आठ. म्हणजे तुम्ही क्लायंट. नाही, हसू नका, मी हसत नाहीये. मी शर्टाचे वास घेतलेत, माहितीये? बायका घेतात तसे. अत्तराचा नव्हता, एवढ्यानंच मला इतकं बरं वाटलं की पुढचं विचारलंच नाही. कसला तरी उकडलेला वास यायचा, तो म्हणायचा मेट्रोत कुणाचा तरी डबा सांडला. दर शनिवारी सांडतो डबा. गेल्या शनिवारी मात्र ओळखला मी तो — सातू उकडल्याचा — आणि म्हटलं, आपल्याच स्वयंपाकघराचा लागला असेल, कारण दोन-तीनच दिवस आधी मी —

कांजी. कांजी आहे म्हटलं ना.

उठू नका. चादर — राहू द्या ती, केतन. बघितलंत? झालं समाधान? हो, कांजी जांभळी असते. हे पिवळं आहे. त्याचीच बिअरची वही, त्याचंच माप, सातू ऑनलाइन मागवले. त्यालाही कांजीच सांगितलीय, आणि त्यानं आठ दिवसांत एकदा चादर उचलून पाहिली नाही. तुम्ही पाच मिनिटांत उचललीत. पुढच्या महिन्यात वाढदिवस त्याचा, शनिवारी. वाटलं होतं, एक शनिवार तरी घरी थांबेल. मला एकदा विचारलं असतं ना त्यानं, तर मी आले असते फरीदाबादला. पातेलं घासलं असतं. मला कुठे काय —

नाही. चव बघायची नाही.

पाणी पिऊन झालं असेल तर निघा. यातलं काहीही जाणार नाही, नळीसुद्धा नाही. निहारला सांगा, घरात कुणी नव्हतं आणि सामान सापडलं नाही. सांगू शकाल, दोघांना सवय आहे. तो मलाही आडून विचारेलच संध्याकाळी, सामान कुठे म्हणून; मी त्याच थर्मामीटरनं विरजण लावत असेन.

किल्ली इथे. टेबलावर. — हातात नका देऊ, ठेवा.